डोळ्याच्या फोटोसाठी जीपीयू, जेटसन की एफपीजीए? आधी फोटोचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या चौघांना मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा, म्हणजे डायबेटिक रेटिनोपॅथी, फोटोवरून ओळखणारे मॉडेल करायचे आहे. पुढे ते गगनबावडा, राधानगरीकडच्या नेत्रतपासणी शिबिरांत चालवून दाखवायचे आहे, जमलेच तर छातीच्या एक्स-रेलाही हात घालायचा आहे. हाताशी लाखभर रुपये. दोघांना मोठा जीपीयू (समांतर गणिते झपाट्याने करणारे ग्राफिक्स कार्ड) हवा, एकाला जेटसन (जीपीयू असलेला एनव्हिडियाचा छोटा संगणक-बोर्ड), आणि इलेक्ट्रॉनिक्सचा जो आहे त्याला एफपीजीए (आतली जोडणी आपण ठरवायची अशी चिप). काय घ्यावे?

उत्तर कार्डापासून सुरू केले तर पैसे चुकीच्या जागी जातात. सुरुवात फोटोपासून करा, तीही फोटोतल्या सर्वांत बारीक खुणेपासून.

रेटिनोपॅथीची पहिली खूण म्हणजे मायक्रोॲन्युरिझम, केशवाहिन्यांवर आलेले बारीक फुगे. आकार साधारण २५ ते १०० मायक्रॉन. आता आयडीआरआयडी हा फोटोंचा सार्वजनिक संच घ्या. तो आपल्याच नांदेडच्या नेत्रचिकित्सालयातला आहे: ५१६ फोटो, प्रत्येक ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचा, कॅमेऱ्याचे क्षेत्र ५० अंश. ५० अंशांत पडद्याचा ढोबळमानाने १५ मिलिमीटर भाग येतो आणि फोटोतले गोल वर्तुळ साडेतीन हजार पिक्सेलच्या आसपास असते. म्हणजे एक पिक्सेल साधारण ४ मायक्रॉनचा, आणि ५० मायक्रॉनचा फुगा १२ पिक्सेल रुंद. हाच फोटो ५१२ पिक्सेलवर आणला की एक पिक्सेल २९ मायक्रॉनचा होतो आणि फुगा दोन पिक्सेलांतही मावत नाही. २२४ वर आणलात तर एक पिक्सेल ६७ मायक्रॉनचा, म्हणजे फुगा शेजारच्या रंगात विरघळून गेला. पाच पायऱ्यांच्या प्रतवारीत (० म्हणजे रोग नाही, ४ सर्वांत गंभीर) पायरी १ ही फक्त मायक्रोॲन्युरिझमवरून ठरते. बहुतेक शिकवण्यांत २२४ चा आकार डोळे झाकून घेतात, आणि मग पायरी १ आणि ० मॉडेलला वेगळ्या का करता येत नाहीत याचे खापर लेबलांवर फोडतात.

एक्स-रेचाही तोच प्रकार. ३५ बाय ४३ सेंटिमीटरची प्लेट २२४ वर आणली की लांब बाजूने एक पिक्सेल जवळपास २ मिलिमीटरचा होतो. मिलिअरी क्षयरोगाचे दाणे १ ते ३ मिलिमीटरचे असतात. १०२४ वर तोच पिक्सेल ०.४ मिलिमीटरचा.

म्हणजे खूण ठरवते पिक्सेल, पिक्सेल ठरवतात मेमरी आणि मेमरी ठरवते कार्ड. टेराफ्लॉप्सचा आकडा (सेकंदाला किती लाख कोटी गणिते), जो डब्यावर सर्वांत मोठा छापलेला असतो, त्याचा नंबर नंतर.

मेमरीचे गणित अवघड नाही. रेझनेट-५० या फोटो ओळखणाऱ्या प्रचलित मॉडेलमध्ये २.५६ कोटी पॅरामीटर (शिकायचे आकडे) आहेत. ट्रेनिंग करताना प्रत्येकामागे वजन (तो आकडा), ग्रेडियंट (तो किती बदलायचा) आणि ॲडम या शिकवण्याच्या पद्धतीच्या दोन नोंदी, प्रत्येकी ४ बाइट, असे १६ बाइट लागतात. सगळे मिळून ४१० एमबी. हे काहीच नाही. जागा खाते ती मधल्या थरांची उत्तरे, जी बॅकप्रॉपसाठी, म्हणजे चूक मागे नेऊन वजने सुधारण्यासाठी, सांभाळून ठेवावी लागतात. २२४ च्या एका फोटोला पूर्ण अचूकतेत (३२ बिटांत) ती साधारण १०० एमबी होतात. ५१२ वर गेलात की क्षेत्रफळ ५.२ पट, म्हणजे एका फोटोला अर्धा जीबी. मिक्स्ड प्रिसिजन (बरीच गणिते १६ बिटांत) चालू केले की जवळपास निम्मे. तेव्हा ५१२ वर १६ ची बॅच (एका वेळी द्यायचे फोटो) घ्यायची तर पाचेक जीबी लागेल आणि ८ जीबीचे कार्डही निभावेल. पण १०२४ चा एक्स-रे घेतलात की मिक्स्ड प्रिसिजनमध्येही एका फोटोला जीबीभर जाते. मग ८ जीबीवर बॅच चार-पाचाचीच उरते, आणि एवढ्या छोट्या बॅचवर बॅच-नॉर्म या थराची, बॅचमधल्या फोटोंवर काढलेली, सरासरी हेलकावे खाऊ लागते. ट्रेनिंग लॉस (चुका मोजणारा आकडा) सुंदर खाली येतो आणि व्हॅलिडेशन (न शिकवलेल्या फोटोंवरची परीक्षा) मात्र एका इपॉकला, म्हणजे सगळ्या फोटोंच्या एका फेरीला, वर, एकाला खाली. ग्रेडियंट साठवून मोठ्या बॅचचा आव आणता येतो, पण बॅच-नॉर्मला त्याचा काही उपयोग नाही. त्याची सरासरी तेवढ्याच चार फोटोंवर निघते. अशा वेळी पूर्वप्रशिक्षित मॉडेलचे बॅच-नॉर्म गोठवा किंवा बॅचवर न विसंबणारा ग्रुप-नॉर्म वापरा.

डेन्सनेट-१२१ या दुसऱ्या मॉडेलकडे बघताना फसू नका. पॅरामीटर फक्त ८० लाख, म्हणून हलके वाटते. पण प्रत्येक थर मागच्या सगळ्या थरांची उत्तरे जोडून घेतो, त्यामुळे ट्रेनिंगची मेमरी रेझनेट-५० पेक्षा कमी होईलच असे नाही. छातीच्या एक्स-रेवर २०१७ सालचे स्टॅनफर्डचे चेक्सनेट याच मॉडेलवर उभे होते, म्हणून विद्यार्थी ते हमखास उचलतात. उचला, पण टॉर्च या लायब्ररीतला चेकपॉइंटिंगचा पर्याय (मधली उत्तरे न साठवता पुन्हा काढणे) लावून. वेळ थोडा वाढतो, मेमरी बरीच वाचते.

आता वेग. रेझनेट-५० ला २२४ च्या एका फोटोमागे ४.१ अब्ज गुणाकार-बेरजा लागतात. ५१२ वर २१ अब्जांच्या पुढे. गुणाकार आणि बेरीज वेगवेगळ्या मोजल्या तर ४३ अब्ज क्रिया, आणि उलटा प्रवास धरून ट्रेनिंगला तिप्पट, म्हणजे १३० अब्जांच्या आसपास. मधल्या फळीतल्या कार्डाने सेकंदाला १० लाख कोटी क्रिया खरोखर करून दिल्या असे धरा. डब्यावरचा आकडा यापेक्षा बराच मोठा असतो. मग सेकंदाला ७५ ते ८० फोटो. एप्टॉस २०१९ चा संच, जो अरविंद नेत्र रुग्णालयाच्या फोटोंचा आहे, त्यात ट्रेनिंगचे ३,६६२ फोटो आहेत. एक इपॉक पाऊण मिनिटाचा. ३० इपॉक पंचवीस मिनिटांत. पाच भागांची क्रॉस-व्हॅलिडेशन (पाळीपाळीने एक भाग परीक्षेला ठेवून) दोन तासांत. एवढ्या कामासाठी २४ जीबीचे ४५० वॅटचे कार्ड घेणे म्हणजे गल्लीतून दूध आणायला ट्रक काढणे.

पण हा वेग प्रत्यक्षात मिळत नाही, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा कार्ड नसते.

गुऱ्हाळावर बघा. चरक केवढाही दमदार असला तरी उसाची मोळी वेळेवर पुढे आली नाही तर तो मोकळाच फिरतो. जीपीयू हा चरक, आणि मोळी देणारा गडी म्हणजे सीपीयूवर जेपीईजी उघडणारा डेटालोडर. १२ मेगापिक्सेलचा एक फोटो उघडून लहान करायला एका कोअरला सहज १०० मिलिसेकंद लागतात. चार वर्कर (एकाच वेळी फोटो उघडणाऱ्या प्रक्रिया) लावले तरी सेकंदाला ४० फोटो. वरच्या हिशोबात कार्ड ७५ मागत होते, म्हणजे ते निम्मा वेळ वाट बघत बसले. आता दुप्पट किमतीचे कार्ड आणा, इपॉक एक सेकंदानेही कमी होणार नाही.

हे तपासायला दहा मिनिटे पुरतात. ट्रेनिंगचा लूप तसाच ठेवून डेटालोडरच्या जागी यादृच्छिक आकड्यांचा एकच टेन्सर (आकड्यांचा ठोकळा), आधीच कार्डावर ठेवलेला, पुन्हा पुन्हा द्या आणि सेकंदाला किती फोटो होतात ते लिहा. मग खऱ्या डेटालोडरने तेच मोजा. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ असेल तर कार्ड अपुरे आहे. निम्मा असेल तर पैसे कार्डावर घालू नका. एनव्हिडिया-एसएमआय या कार्डाची स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेतला वापराचा टक्का यासाठी भरवशाचा नाही. त्या कालावधीत कार्डावर काहीतरी चालू होते एवढेच तो सांगतो, किती भरभरून चालू होते ते नाही. टक्का ९८ वरून ० वर आणि परत ९८ वर असा नाचत असेल तर मात्र ते उपासमारीचे लक्षण समजा. आणि वेळ मोजताना सिंक्रोनाइझ करायला विसरू नका. कार्डाला दिलेले काम मागे चालू राहते आणि पायथन पुढे निघून जातो, त्यामुळे घड्याळ एक-दोन मिलिसेकंद दाखवते आणि मंडळी खूश होतात. पहिल्या वीस-तीस फेऱ्या मोजणीत धरायच्या नाहीत, तेव्हा लायब्ररी आपले अल्गोरिदम निवडत असते.

उपाय फुकटचा आहे. एकदाच बसून सगळ्या फोटोंची काळी कड कापा, वर्तुळ मधोमध घ्या, ५१२ किंवा ६४० वर आणा आणि सगळे मिळून पूर्णांक ८ बिटांचा एकच नमपाय (पायथनची आकड्यांची लायब्ररी) ॲरे करून डिस्कवर ठेवा. ३,६६२ फोटो ५१२ वर, तीन रंग, एकूण २.९ जीबी. १६ जीबी रॅममध्ये आख्खा संच बसतो. फ्लोट ३२ मध्ये (३२ बिटांच्या दशांश आकड्यांत) ठेवलात तर तोच ११.५ जीबी होतो आणि मशिन स्वॅप करू लागते, म्हणून फ्लोटमध्ये बदल कार्डावर गेल्यानंतरच करा. फिरवणे, उलटवणे, उजेड बदलणे हेसुद्धा तिकडेच. कड कापण्याचा आणखी एक फायदा: एप्टॉसमध्ये फोटोची लांबी-रुंदी आणि रोगाची पायरी यांचा मेळ बसतो, कारण कॅमेरे वेगवेगळे होते. कड तशीच ठेवली तर मॉडेल डोळा न बघता कॅमेरा ओळखायला शिकते.

एक्स-रे डायकॉम या वैद्यकीय फाइल-प्रकारात असेल तर बदल करताना तीन जागी घसरायला होते. मोनोक्रोम१ प्रकारात काळे-पांढरे उलटे असते. ते न बघता एकत्र केले तर संचात निम्मी फुफ्फुसे पांढरी. मूळ माहिती १२ बिटांच्या आसपास असते, ती ८ बिटांत बसवताना विंडो (उपयोगाच्या उजेडाच्या मर्यादा) न लावता नुसते सर्वांत मोठ्या आकड्याने भागले तर कोपऱ्यातल्या धातूच्या अक्षरामुळे सगळे चित्र करडे पडते. आणि जेपीईजी २००० मध्ये दाबलेल्या फाइली पायडायकॉम ही लायब्ररी एकटी उघडत नाही, जोडीला पायलिबजेपीईजी किंवा जीडीसीएम लागते. क्षयरोगासाठी शेन्झेन संचात ६६२ आणि माँटगोमेरीत १३८ फोटो आहेत. लहान संच आहेत, पण रीत बसवायला चांगले. कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावरचा लहान मुलांच्या न्यूमोनियाचा लोकप्रिय संच घेतलात तर त्याच्या व्हॅलिडेशनच्या फोल्डरमध्ये फक्त १६ फोटो आहेत हे आधी बघा. सोळावर कसली व्हॅलिडेशन. स्वतः नव्याने विभागणी करा, तीही रुग्णानुसार.

आता कार्डाचे नाव. नवे घ्यायचे तर १६ जीबीचे आरटीएक्स ५०६० टीआय, १८० वॅट, मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी. हे बजेटला ताण देईल. त्याखाली आरटीएक्स ३०६० ची १२ जीबी आवृत्ती, १७० वॅट, ३६० जीबी. जुनी आहे, पण या कामाला अजून चालते. डबा घेताना नाव वाचून समाधान मानू नका. ३०६० ची ८ जीबीचीही आवृत्ती आहे आणि तिचा मेमरी मार्गही अरुंद आहे. ५०६० टीआयही ८ आणि १६ अशा दोन्हींत येते. दुकानदार फसवेलच असे नाही, पण "तेच कार्ड, थोडं स्वस्त" असे म्हणाला की जीबी विचारा. ५० मालिकेला टॉर्च २.७ किंवा पुढचे आणि कुडा या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरची १२.८ ची बिल्ड लागते. त्याआधीच्या टॉर्चवरची नोटबुक तशीच चालवली तर कार्ड दिसते, पण पहिल्याच कर्नलला (कार्डावर चालणाऱ्या प्रोग्रामला) चूक येते आणि कार्ड खराब निघाले असे वाटून लोक परत करायला निघतात. मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावा म्हणजे कार्डाची काहीशे एमबी मोकळी राहतील. त्यासाठी अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा लागेल. जुने ३०९० स्वस्तात मिळते आणि २४ जीबी बघून मोह होतो. पण ते ३५० वॅट खाते, मागच्या बाजूचे मेमरी चिप तापतात, किमान ७५० वॅटचा पॉवर सप्लाय लागतो, आणि इथर या क्रिप्टो चलनाच्या खाणीत किती महिने राबले हे कुणी सांगत नाही.

काही न घेताही काम होते का? बरेचसे होते. कोलॅब या गूगलच्या क्लाउड सेवेच्या फुकट मशिनवर बहुधा एनव्हिडियाचे टी४ मिळते: १६ जीबी, ७० वॅटचे कार्ड. पण त्याच्या जोडीला सीपीयूचे कोअर दोनच असतात, म्हणजे मोळी देणारे गडी दोनच. ड्राइव्हवरून हजारो सुट्या फाइली वाचायला लावल्या तर पहिल्या इपॉकलाच तासभर जाईल. एकच मोठी फाइल मशिनच्या स्वतःच्या डिस्कवर ओढून घ्या आणि तिथून वाचा. कॅगलवर पी१०० कार्ड मिळाले तर लक्षात ठेवा, त्यात टेन्सर कोअर (१६ बिटांच्या गुणाकारांचे खास भाग) नाहीत. ते एनव्हिडियाच्या व्होल्टा पिढीपासून, २०१७ मध्ये आले. मिक्स्ड प्रिसिजनचा खरा फायदा टी४ वर दिसेल. टी४ ला बीएफ१६ (फार मोठे आकडेही मावणारा १६ बिटांचा प्रकार) हार्डवेअरमध्ये येत नाही, म्हणून तिथे एफपी१६ (साधा १६ बिटांचा प्रकार) आणि लॉस स्केलिंग (बारीक ग्रेडियंट शून्य होऊ नयेत म्हणून लॉस मोठा करणे). एफपी१६ ची कमाल मर्यादा ६५,५०४ आहे. लॉस मध्येच नॅन (आकडाच नाही अशी खूण) झाला तर आधी इथे बघा. टीपीयू, गूगलची मॉडेलसाठीची चिप, मोहात पाडतो, पण त्याचे गुणाकाराचे जाळे १२८ बाय १२८ किंवा त्याहून मोठे असते आणि आकार ठरलेले असावे लागतात. बदलत्या बॅचला दरवेळी नव्याने कंपाइल करत बसतो. तीन-चार हजार फोटोंसाठी ती यातायात नको.

एका गोष्टीत मात्र ढिलाई नको. सार्वजनिक संच क्लाउडवर ठेवा, हरकत नाही. पण स्थानिक दवाखान्यातले फोटो मिळणार असतील तर नीतिशास्त्र समितीची लेखी परवानगी, नाव-नंबर काढून टाकलेल्या फाइली आणि स्वतःच्या ताब्यातले मशिन हवे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आता आहे. फोटोच्या कोपऱ्यात छापलेले नाव डायकॉमचा हेडर पुसून जात नाही, ते पिक्सेलमध्येच असते. स्वतःचे कार्ड घ्यायचे सर्वांत खरे कारण वेग नव्हे, हे आहे.

विजेबद्दल चार शब्द, कारण पावसाळ्यात आणि फाउंड्रीच्या पट्ट्यात लाइट ये-जा करते आणि २०१९, २०२१ सारखा पूर आला तर दिवसेंदिवस जाते. १७० वॅटच्या कार्डाचे मशिन भिंतीतून साधारण ३५० वॅट ओढते. १ केव्हीएच्या यूपीएसमध्ये ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या असतील तर कागदावर १६८ वॅट-तास. एवढ्या ओढीला निम्मेच हाती लागतात, म्हणजे पंधरा मिनिटे. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचे तर साइन-वेव्हचा हवा आणि मागचे बटण यूपीएस मोडवर हवे. पॉवर सप्लाय पंधरा-सोळा मिलिसेकंद तग धरतो, साध्या मोडचा बदल त्याहून सावकाश होतो आणि मशिन रीस्टार्ट. कार्डाची वीज-मर्यादा एनव्हिडिया-एसएमआयने १७० वरून १३० वॅटवर आणली तर वेग थोडासाच उतरतो, पंखा शांत होतो आणि यूपीएसलाही हायसे वाटते. चेकपॉइंट (मॉडेलची जतन केलेली प्रत) दर इपॉकला ठेवा, त्यात ऑप्टिमायझर, शेड्यूलर आणि लॉस स्केलर यांची अवस्थाही ठेवा. थेट जुन्या फाइलवर लिहू नका. तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावर नाव बदला. नाहीतर लिहिता लिहिता लाइट गेली तर जुनेही गेले आणि नवेही.

आता शिबिर. इथे सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात.

शिबिराला शंभर माणसे आली असे धरा. दोन डोळे, प्रत्येकी एक-दोन फोटो, दिवसाला दोनशे ते चारशे. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर वीसेक मिनिटे थांबावे लागते, फोटोला माणशी दोन-तीन मिनिटे जातात. या रांगेत मॉडेलने एका फोटोला एक सेकंद घेतला तरी कुणाला कळणार नाही. साध्या चार-सहा कोअरच्या लॅपटॉपवर ओपनव्हिनो या इंटेलच्या मॉडेल चालवणाऱ्या साधनातून रेझनेट-५०, ५१२ वर, सेकंदाच्या बऱ्याच आत उत्तर देते. शिबिराला ॲक्सिलरेटर (मॉडेल वेगाने चालवणारे खास हार्डवेअर) लागतच नाही. मुलांना हे पटत नाही, कारण प्रोजेक्टच्या नावात तो शब्द आहे. उलट लॅपटॉपचा खरा उपयोग वेगळाच करा: फोटो काढल्या काढल्या दोन सेकंदांत तो धूसर आहे का, अंधारा आहे का हे सांगणारे छोटे मॉडेल आधी चालवा. माणूस खुर्चीत असेपर्यंत फोटो परत काढता येतो. एकदा तो एसटी धरून गावी गेला की नाही.

जेटसन ओरिन नॅनो कधी घ्यावे? व्हिडिओ असेल तेव्हा. सोनोग्राफी किंवा एंडोस्कोपीचा प्रवाह सेकंदाला ३० फ्रेमचा, म्हणजे फ्रेममागे ३३ मिलिसेकंद. तिथे लॅपटॉप मागे पडतो. ओरिन नॅनोची ८ जीबी मेमरी सीपीयू आणि जीपीयू दोघांत वाटलेली असते, म्हणून त्यावरच टेन्सरआरटीचे इंजिन (एनव्हिडियाच्या साधनाने त्या चिपसाठी घडवलेली मॉडेलची फाइल) बनवताना मेमरी संपते. डेस्कटॉप बंद करा, स्वॅप द्या. इंजिन ज्या कार्डावर आणि ज्या आवृत्तीवर बनवले तिथेच चालते, घरच्या ३०६० वर बनवून पेन ड्राइव्हने नेता येत नाही. न्यायची ती ओएनएनएक्स, म्हणजे एका चिपशी न बांधलेली मॉडेलची, फाइल. वीजेला डेव्हलपर किटसोबत १९ व्होल्टचा अडॅप्टर येतो. गाडीच्या १२ व्होल्टवर थेट लावलात तर स्टार्टर मारताना व्होल्टेज आपटते आणि बोर्ड रीबूट होतो, मध्ये डीसी-डीसी कन्व्हर्टर ठेवा. गूगलच्या कोरलची, मॉडेल चालवणारी यूएसबी काडी मात्र आता नव्याने घेऊ नका. चिपवर ८ एमबी जागा, रेझनेट-५० आठ बिटांत २५ एमबीचे. उरलेली वजने दर फोटोला यूएसबीवरून ये-जा करतात. तिची पायथन लायब्ररीही ३.९ वर अडकलेली आहे.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्राला नाउमेद करायचे नाही, पण पिंक-झेड२ या एफपीजीए बोर्डावर रेझनेट-५० चढवण्याचा बेत मोडायला एक गणित पुरते. त्या चिपमध्ये २२० डीएसपी (गुणाकार-बेरजेचे भाग) आहेत. १०० मेगाहर्ट्झवर प्रत्येकाने दर ठोक्याला एक गुणाकार-बेरीज केली तर सेकंदाला २२ अब्ज. ५१२ च्या फोटोला २१ अब्ज लागतात, म्हणजे सगळे आदर्श चालले तरी एक सेकंद. आदर्श काही चालत नाही, कारण चिपच्या आतली ब्लॉक रॅम ६३० केबी आणि वजने २५ एमबी. डीएसपी मेमरीची वाट बघत बसणार. पुन्हा तेच, चरक आणि मोळी. त्याने लहान मॉडेल घ्यावे, वर सांगितलेले फोटो धूसर आहे का ते ठरवणारे. ते चार-आठ बिटांत आख्खे चिपवर बसवावे आणि एका फोटोमागे किती मिलिज्यूल लागले ते मोजावे. हा चांगला प्रोजेक्ट होईल. मोठे मॉडेलच हवे तर क्रिआ केव्ही२६० या दुसऱ्या बोर्डावर व्हायटिस एआय या साधनाने तयार डीपीयू (मॉडेल चालवणारा भाग) मिळते, पण मग स्वतः रचलेले हार्डवेअर फारसे उरत नाही.

मॉडेलचे आकडे आठ बिटांत आणताना (क्वांटाइझ करताना), मग ते लॅपटॉपवर असो की जेटसनवर, कॅलिब्रेशनचे, म्हणजे आकड्यांच्या मर्यादा ठरवायचे, फोटो वाट्टेल तसे उचलू नका. एप्टॉसमध्ये पायरी ० चे १,८०५, १ चे ३७०, २ चे ९९९, ३ चे १९३ आणि ४ चे २९५ आहेत. दोनशे फोटो चिठ्ठ्या टाकून घेतले तर पायरी ३ चे जेमतेम दहा येतील. त्या दहांत मोठा रक्तस्राव नसला तर त्याने पेटणाऱ्या चॅनलची कमाल मर्यादा कमी ठरेल, आणि नेमका गंभीर रुग्णच कापला जाईल. प्रत्येक पायरीतून सारखे घ्या. वजने चॅनलवार क्वांटाइझ करा, पहिला आणि शेवटचा थर १६ बिटांतच राहू द्या. एफिशियंटनेट हे हलके मॉडेल आठ बिटांत जास्त रुसते, त्याचे स्विश आणि स्क्वीझ-एक्साइट हे भाग त्याला कारण. त्याच्या डेप्थवाइज थरांत गुणाकार कमी आणि मेमरीची ये-जा जास्त, म्हणून त्याच्या बी० या सर्वांत लहान आवृत्तीला रेझनेट-५० च्या दशांश क्रिया लागत असल्या तरी ते दसपट वेगाने पळत नाही.

क्वांटाइझ केल्यावर अचूकतेचा टक्का तसाच राहिला म्हणून समाधान मानू नका. शंभर खऱ्या रुग्णांपैकी ९० पकडले, तर ९५ टक्के विश्वासाची पट्टी साधारण ८२ ते ९५ इतकी रुंद असते. ९० आणि ८९ मधला फरक तिच्यात बुडून जातो. त्याऐवजी तेच फोटो दोन्ही आवृत्त्यांतून काढा आणि जिथे निर्णय बदलला ते फोटो एकेक करून डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर ठेवा. उंबरठा, म्हणजे किती गुणांवर रुग्णाला पुढे पाठवायचे, तो नव्या आवृत्तीवर व्हॅलिडेशन संचाने पुन्हा ठरवा. जुना ०.५ तसाच ठेवू नका. डॉक्टरांना उष्णतेचा नकाशा (मॉडेलने फोटोत कुठे बघितले ते) हवा असतो, पण टेन्सरआरटी किंवा ओपनव्हिनोत ग्रेडियंट नाहीत, त्यामुळे ग्रेडियंटवरून तो काढणारे ग्रॅड-कॅम तिथे चालत नाही. रेझनेटला सरासरीनंतर एकच थर असल्याने साधा कॅम पुरतो: शेवटच्या कन्व्होल्यूशनचे उत्तर मॉडेलच्या दुसऱ्या आउटपुटवर काढा आणि शेवटच्या थराच्या वजनांनी त्याची बेरीज करा. हे निर्यात करायच्या आधी करायचे असते, नंतर आठवले तर सगळे परत.

शिबिरात जे दाखवाल ते प्रात्यक्षिक आहे हे पडद्यावर मराठीत लिहा. निदान देणारे सॉफ्टवेअर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येते आणि त्याची वाट वेगळी आहे. पुढे पाठवायचा निर्णय तिथले डॉक्टर घेतील, मॉडेलचे उत्तर त्यांनी आपले लिहून झाल्यावरच बघावे, म्हणजे तुलनेलाही अर्थ राहतो.

आणि गगनबावड्याला जाणार असाल तर लेन्स. तिथल्या पावसाळी ओलाव्यात फंडस कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशीचे ठिपके धरतात, धूळ तर असतेच. फोटोत ते बारीक ठिपके मायक्रोॲन्युरिझमसारखे दिसू शकतात आणि मॉडेल आख्ख्या गावाला पायरी १ देऊन मोकळे होऊ शकते. पहिले वीस फोटो झाले की त्यांची पिक्सेलवार सरासरी काढा. रक्तवाहिन्या सरासरीत पुसट होतात, भिंगावरचा डाग मात्र प्रत्येक फोटोत त्याच जागी असल्याने ठळक उरतो. दिसला तर भिंग पुसून घ्या आणि ते वीस फोटो पुन्हा काढा.